डाव्या दंडाचं हक्कसोडपत्र

माझी धाकटी बहीण मथुरा चौतीस वर्षांची असताना नर्सिंग कॉलेजात गेली, हे कळल्यावर आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांनी विचारलं, "कुणाला भेटायला?" उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, "काय झालंय तिला?" शिकायला गेलीय म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीच जशी काही फूस लावली होती! अहो, मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर आठ माणसं सांभाळतो. माझं ती आठ माणसं ऐकत नाहीत, तर ही काय ऐकणार?

अकरा वर्षं ती चिकपेटमधल्या साड्यांच्या दुकानात होती. काम एकच. साडी उलगडायची, गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की परत घडी घालायची. बायका साठ साड्या उलगडायला लावायच्या आणि "स्वल्प फिकट नाही का?" म्हणून उठून जायच्या. मी एकदा अर्धा तास तिथं बसलो होतो. एका बाईला साडीसकट रस्त्यावर ढकलावं असं मला दोनदा वाटलं. मथुरा मात्र हसून म्हणाली, "या हं अक्का परत." असला शांतपणा आमच्या घरात कुठून आला देव जाणे. माझ्याकडून तर नक्कीच नाही.

मग एक दिवस दुकानात एक बाई चक्कर येऊन पडली. मालक ओरडला, "साडी उचला, साडी!" बाकीचे पाणी आणायला म्हणून जे पळाले ते आलेच नाहीत. मथुरानं त्या बाईला आडवं केलं, पायांखाली साड्यांचा गठ्ठा सरकवला, पदर सैल केला, नाडी धरून बसली आणि रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात घेऊन गेली. संध्याकाळी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "अण्णा, मला हे काम येतं."

"घडी घालायचं?"

"नाही रे," ती म्हणाली. तेवढंच.

चौकशी केली तर नर्सिंगला वयाची अट पस्तीस. ही तेव्हा चौतीस पूर्ण. बारावी झालेली होती. तिचा नवरा गुरुदत्त, त्याचं जयनगरला झेरॉक्सचं दुकान आहे. भला माणूस. त्याच्याकडे शब्द एकच आहे, "सरी." कानडीत 'बरं'. मथुरा म्हणाली नोकरी सोडते, तो म्हणाला सरी. मथुरा म्हणाली कॉलेजात जाते, तो म्हणाला सरी, आणि तिच्या बारावीच्या गुणपत्रिकेच्या बारा प्रती काढून ठेवल्या. वर्गात चौसष्ट मुली, हिच्याशिवाय सगळ्या अठरा-एकोणीसच्या. पहिल्या आठवड्यात त्या हिला आंटी म्हणायच्या, दुसऱ्या आठवड्यात अक्का म्हणायला लागल्या. हिनं त्यांना नर्सची कॅप केसांत पिनेनं बसवायला शिकवलं. मला वाटलं, चला, पोरीचं मार्गी लागलं.

आता माझी चूक सांगतो. सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कॉलेज म्हणालं, प्रत्येक मुलीच्या पालकांचा नंबर द्या. मथुरा म्हणाली, मला चौतीस वर्षं पूर्ण झाली आहेत. ते म्हणाले, फॉर्ममध्ये रकाना आहे. गुरुदत्तच्या फोनवर दिवसभर अनोळखी लोकांची आधार कार्डं येत असतात, म्हणून पालक म्हणून माझा नंबर दिला. झालं, मी पालकांच्या ग्रुपवर आलो. चौसष्ट पालक! सकाळी सहाला गुलाबाची फुलं. सातला सुविचार. दुपारी, "माझी मुलगी जेवली का?" चौथ्या दिवशी मी ग्रुप म्यूट केला, वर्षभरासाठी. तुम्हीही केला असता, उगाच साळसूदपणा नको.

एका बुधवारी मथुरा आली. चेहरा पांढरा पडलेला. "अण्णा, लसीची नोटीस आली होती का रे ग्रुपवर?"

"छे! काहीच नाही."

"बघ तरी."

बघितलं. होती. कुणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाचा केक आणि एक गुलाब, यांच्या मधोमध. दोन महिने अकरा दिवस जुनी. वर्गात कुणी सांगितलंच नव्हतं, सगळं पालकांवर सोपवलेलं. वॉर्डात पाय ठेवण्याआधी प्रत्येक विद्यार्थिनीनं कावीळ ब लसीचे निदान दोन डोस घेतल्याचा पुरावा द्यावा, शिवाय गोवर-रुबेला, शिवाय धनुर्वात. दोन डोसांत महिनाभराचं अंतर लागतं. आणि वॉर्ड सुरू व्हायचा होता येत्या सोमवारी.

मी बोटांवर मोजून बघितलं. पाच दिवस. महिना कुठून आणायचा? वॉर्ड चुकला की हजेरी गेली, हजेरी गेली की वर्ष गेलं. वर्ष गेलं की त्यांच्या नियमानं नवा प्रवेश, आणि नव्या प्रवेशाला पस्तिशीची अट. बाकी त्रेसष्ट जणींनी वेळेवर टोचून घेतलं होतं, कारण त्यांच्या बापांनी गुलाबाची फुलं सहन केली होती. मी एक अंगठा दाबला आणि माझ्या बहिणीचं शिक्षण गेलं.

"रागाव तरी," मी म्हटलं.

"रागावून महिना येतो का?" ती म्हणाली. "आईकडे माझं लहानपणीचं काही कार्ड असेल का, ते विचारू."

आई माझ्याकडेच असते. तिला विचारल्यावर तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. देवघराच्या फळीवरून, कुंकवाच्या करंड्यामागून तिनं कार्ड काढलं. गुरुदत्तनं लग्नानंतर जावयाची पहिली भेट म्हणून ते लॅमिनेट करून दिलं होतं. पोलिओ, डांग्या खोकला, गोवर, आणि खाली ठळक अक्षरात कावीळ ब, डोस एक, दोन, तीन, समोर तारखा आणि सह्या. वर नाव, शंभूराज. म्हणजे मी.

हे कार्ड आमच्याकडे पदकासारखं आहे. माझं लग्न ठरताना आईनं सौम्याच्या वडिलांपुढे कुंडलीच्या आधी हे ठेवलं होतं. "माझ्या शंभूनं तीनही सुया हसत घेतल्या. डोळ्यांत टिपूस नाही. डॉक्टर म्हणाले, वाघ आहे!" सौम्याचे वडील भारावून गेले होते. आजही सासुरवाडीला मला वाघ म्हणतात.

"आणि माझं?" मथुरानं विचारलं.

"तुझं कशाला?" आई म्हणाली. "तुला कधी काही होत नव्हतं."

आई माझ्याकडे बघत नव्हती. मी आईकडे बघत नव्हतो. आणि आम्ही का बघत नव्हतो ते आता ऐका.

मी दहा वर्षांचा होतो, मथुरा आठ. चिकपेटच्या मागे आमच्या समाजाच्या हॉलमध्ये काविळीच्या लसीचं शिबिर भरलं. आईनं कुपन घेतलं, एकच, माझ्या नावाचं. घरात तेव्हा मुलग्याचं आधी बघायची पद्धत होती, आणि मुलीचं नंतर बघायची पद्धत अजून आलेली नव्हती. पहिल्या डोसाला मी ती सुई बघितली आणि कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन दडलो. दुसऱ्या डोसाला एका हातगाडीच्या ताडपत्रीखाली. तिसऱ्या डोसाला, सहा महिन्यांनी, मी सरळ बसमध्ये चढलो आणि जयनगरला उतरून तिथं रडत बसलो. तिन्ही वेळा सुई भरून तयार होती आणि कुपनावर खूण झालेली होती. आई म्हणाली, भरलेली सुई वाया कशाला घालवायची? सोबत आलेल्या मथुराचा हात धरून तिनं पुढे केला. तीन वेळा. टोचलं हिला, लिहिलं माझ्या नावावर. घरी येऊन आजीला सांगितलं की शंभू रडला नाही. तेही खरंच होतं म्हणा, टोचताना मी अजिबात रडलो नाही.

आता म्हणाल, अरे मग तेव्हाच बोलायचं की! बोलणार होतो. पण चहा घेऊन सौम्या बाहेर आली. बारा वर्षं तिच्या माहेरी वाघ म्हणून वावरलेल्या माणसानं काय सांगायचं, की मी हातगाडीत होतो? मी कप उचलला आणि चहा प्यायलो. भित्रा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

अशा वेळी आमच्याकडे विश्वासराव काकांना बोलावतात. काकांनी अडतीस वर्षं नोंदणी कचेरीबाहेर बसून दस्त लिहिले. जगात असा प्रश्न नाही जो दस्तानं सुटत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांनी कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सोपं आहे. हक्कसोड."

"कसली हक्कसोड?"

"लसी शंभूच्या नावावर आहेत. हव्या आहेत मथुराला. भावानं बहिणीच्या नावे सोडून द्यायच्या. एरवी आपल्यात बहीण भावाला सोडून देते. हे उलट, एवढंच."

हे उलट होतं हे खरं. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या घराचं हक्कसोडपत्र काकांनीच लिहिलं होतं. मथुरानं सही केली, चहा प्याली आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघून गेली. तेव्हा कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मलाही नाही.

"काका, लस अशी देता येते का?" मथुरा म्हणाली.

"दस्तात सगळं देता येतं, बाळ. फक्त वर्णन नीट पाहिजे."

आणि काकांनी वर्णन केलं! स्टँप पेपर आणला आणि बैठक मारली. 'लिहून देणार शंभूराज, धंदा लेथ. लिहून घेणार मथुरा, धंदा विद्यार्थिनी. कारणे हक्कसोडपत्र लिहून देतो ऐसाजे, माझ्या मालकीच्या व वहिवाटीच्या कावीळ ब लसी नग तीन, मौजे डावा दंड, यांची चतुःसीमा येणेप्रमाणे. वरती खांदा, खाली कोपर, आतल्या बाजूस बरगड्या, बाहेरच्या बाजूस मोकळी हवा. सदर लसींवर कुणाचाही बोजा, गहाण अथवा दावा नाही.'

आई मध्येच म्हणाली, "सगळं तिला देऊन टाकलं तर माझ्या शंभूला काय उरलं? त्याला कावीळ झाली तर?"

काकांनी विचार केला. "खरं आहे, वहिनी." मग खाली ओळ वाढवली, 'मात्र लिहून देणार यांस सदर लसींचा हयातभर उपभोग घेण्याचा हक्क राहील.' आई शांत झाली. गोवर आणि पोलिओ माझ्याकडेच ठेवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी नोटरीकडे गेलो. नोटरीनं एकच शंका काढली, की ही स्थावर मिळकत म्हणायची की जंगम? काका म्हणाले, "माणूस चालतो, तेव्हा जंगम." नोटरीला पटलं. सौम्या आणि गुरुदत्त साक्षीदार. गुरुदत्त सही करताना म्हणाला, "सरी," आणि दस्ताच्या दहा प्रती काढायला गेला. मी सही केली. मनात म्हटलं, खोटं काय आहे ह्यात? लस तिच्याच दंडात आहे. आता कागदही तिचा झाला. कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही. मला अगदी हलकं वाटलं बघा. चोराला चावी सापडावी तसं.

शुक्रवारी आम्ही कॉलेजात गेलो, मी, काका आणि मथुरा. मथुराचं म्हणणं होतं की जे आहे ते लसींचं बघणाऱ्या सिस्टरना सांगायचं आणि मुदत मागायची. ती सिस्टरच्या खोलीबाहेर रांगेत उभी राहिली. तेवढ्यात काकांनी मला कोपरखळी मारली आणि आम्ही ऑफिसच्या खिडकीशी गेलो. तिथल्या कारकुनापुढे एका मुलीचा दवाखान्याचा साधा कागद पडला होता, तो त्यानं शिक्का अस्पष्ट आहे म्हणून परत केला. मग आमचा दस्त हातात घेतला. स्टँप पेपर, नोटरीचा लाल शिक्का, पानोपानी सह्या, दोन साक्षीदार, फोटो, अंगठे. असा कागद त्या खिडकीत कधी आला नसावा. त्यानं एक अक्षर वाचलं नाही. "सरी, सर," म्हणाला, उठून उभा राहिला आणि धाडकन शिक्का मारला. मथुराचं नाव सोमवारच्या यादीत चढलं.

काकांनी टोपी नीट केली. "बघितलंस?"

मी बघितलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

एवढ्यात शिवलीला सिस्टरनी आम्हाला आत बोलावलं. लसीकरणाचं काम त्यांच्याकडे. अथणीकडच्या, मराठी आणि कानडी एका दमात बोलणाऱ्या. त्यांनी दस्त पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चतुःसीमेशी थांबून परत वाचला. 'बाहेरच्या बाजूस मोकळी हवा' इथं त्यांनी पाणी मागवलं.

"बावीस वर्षं झाली मला," त्या म्हणाल्या. "असलं बघितलं नव्हतं. ऑफिसनं घेतलंय, यादी निघालीय, आता माझ्या हातात काही नाही. सोमवारी हिला वॉर्डात घ्यायलाच लागणार. फक्त एक सांगा काका. वॉर्डात वापरलेली सुई हिच्या बोटात घुसली, तर ती हा दस्त वाचून थांबेल का?"

"तशी अट घालता येईल," काका म्हणाले.

सिस्टरनी डोळे मिटले. मथुरानं मात्र दस्त उचलला. तिनं तोपर्यंत तो वाचलाच नव्हता. उभ्या उभ्या वाचला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सिस्टर, माझं नाव काढा यादीतून."

"अगं मथुरे!" मी ओरडलो.

"काढा, सिस्टर. मी टोचून घेतलेलं नाही. मग टोचलंय म्हणून आत कशी जाऊ? उद्या मला काही झालं तर ते माझं. पण माझ्या हातून एखाद्या बाळंतिणीला गेलं, एखाद्या पोराला गेलं, तर? त्यांना काय सांगू, माझ्या भावानं सोडून दिलं होतं म्हणून?"

"वर्ष जाईल तुझं," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तू पस्तिशीच्या पुढे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग साड्या आहेतच की," मथुरा म्हणाली. हसून म्हणाली, दुकानात म्हणायची तसं. पण तिची हनुवटी थरथरत होती. माझी बहीण चिकपेटमध्ये अकरा वर्षं रडली नाही, बाबा गेले तेव्हा लोकांना पाणी देत फिरली, आणि आता तिची हनुवटी थरथरत होती. कशामुळे? तर एका माणसाला आपल्या सासुरवाडीत वाघ राहायचं होतं म्हणून. मला माझीच किळस आली.

"टोचलंय हिला!" मी म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो, पण ओरडलोच. बाहेर रांगेतल्या पोरी दारात गोळा झाल्या. "तीन वेळा टोचलंय! माझ्या कुपनावर हिला टोचलं. मी पळालो होतो. पहिल्यांदा गठ्ठ्यांमागे, दुसऱ्यांदा हातगाडीत, तिसऱ्यांदा जयनगरला! मी वाघबिघ काही नाही. मला आजही सुई बघितली की घाम फुटतो. कार्ड माझं, दंड हिचा!"

मग दारातली एक पोरगी खुदकन हसली आणि दुसरीनं तिला चिमटा काढला.

काका उठून उभे राहिले. इतके दुखावलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "शंभू! जे तुझं नव्हतंच, ते तू सोडलंस कसं? अडतीस वर्षांत माझा एक दस्त खोटा ठरला नाही रे!" आणि ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

मला वाटलं मथुरा आता आनंदानं उडी मारेल. निदान माझ्या पाठीत एक धपाटा घालेल. ती तशीच उभी. डावा दंड उजव्या हातानं धरून.

"ती शक्तीची इंजेक्शनं नव्हती?" तिनं विचारलं.

"कसली शक्तीची?"

"आई म्हणाली होती, तू अशक्त आहेस म्हणून शक्तीची देतायत. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्या आईनं मला मुद्दाम नेलं म्हणून. एवढ्या गर्दीतून, हात धरून." ती थांबली. "मला वाटलं होतं, तिनं मला नेलं होतं."

मी टेबलावरचा दस्त उचलून खिशात कोंबला. सिस्टर म्हणाल्या, "रक्त तपासू. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली, पण लस लागू पडली असेल तर रक्तात दिसेल. दिसलं तर मला कार्ड नको, दस्त नको, काही नको." त्यांनी तिथंच रक्त काढलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. "तुम्हीपण सुरू करा आजपासून," सिस्टर मला म्हणाल्या. "लेथवर बोटं कापतात तुमची. आणि तुम्हाला तर एकही मिळालेली नाही." मी म्हटलं, पीण्यात मशीन चालू ठेवून आलोय. आणि निघालो. काय म्हणायचं ते म्हणा.

शनिवारी सकाळी गुरुदत्त रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आला. पाच प्रतींसह. आकडा दहाच्या वर असला की झालं, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. मथुराचा होता एकशे चाळीस. गुरुदत्तनं तो आकडा मोठा करून ए-थ्रीवर काढला होता. आणि तो माणूस चक्क एक पूर्ण वाक्य बोलला, "ही सोमवारी वॉर्डात जाणार." मग दमून खाली बसला. गोवर-रुबेला आणि धनुर्वात राहिले होते. ते दुपारी चारपर्यंत कॉलेजात घेतले की यादी पक्की, असा सिस्टरचा निरोप होता.

सौम्यानं रात्रीच मला गाठलं होतं, ते इथं सांगत नाही. माहेरी अजून कळवलेलं नाही, एवढंच सांगतो.

आई मात्र खूश झाली. रिपोर्ट हातात घेऊन म्हणाली, "मग झालं की! उगाच दोन दिवस जिवाला घोर. शेवटी दिलंच ना तुला? तिन्ही दिली. माझ्यामुळेच आज पास झालीस!"

मथुरा खुर्चीत बसून बुटांची नाडी बांधत होती. ती रागावली नाही. मला वाटतं रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दिलंस, आई. पण नेलं होतंस त्याला."

आईनं तोंड उघडलं. माझी आई कुणाला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. रिक्षावाल्याला नाही, डॉक्टरला नाही, टीव्हीला नाही. पण त्या दिवशी तिनं उघडं तोंड मिटलं. रिपोर्टची घडी घातली, परत उघडली. आत गेली. मला वाटलं रडायला गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली तर नवी साडी नेसलेली, हातात पर्स, पायात चपला.

"किती वाजता बोलावलंय हिला?"

"चारपर्यंत. पण आई, तू कशाला? तुझा गुडघा..." मथुरा म्हणाली.

"गुडघा माझा आहे," आई म्हणाली. "चल."

गाडी मी चालवली. कॉलेजच्या गेटपासून इंजेक्शनच्या खोलीपर्यंत लांबच लांब व्हरांडा आहे. सहासष्ट वर्षांची बाई, दर दोन पावलांवर थांबत, पण मथुराचा हात सोडायला तयार नाही. मथुरा दोनदा म्हणाली, "आई, माझ्या वर्गातल्या पोरी बघतायत." आई म्हणाली, "बघू देत." रांगेत पुढचे डोस घ्यायला आलेल्या पाच-सहा पोरी होत्या, मोबाइल बघत उभ्या. त्यांच्यात ह्या दोघी हात धरून उभ्या. मी दारापर्यंतच गेलो.

आत टेबलाशी दुसरीच कुणी तरुण नर्स बसली होती. ह्या दोघींचा नंबर आला तेव्हा तिनं वर बघितलं. एक म्हातारी, घट्ट धरलेला हात, कपाळावर घाम. तिला वाटलं पेशंट हीच. तिनं कानडीत विचारलं, अम्मा, कुणाला टोचायचंय, तुम्हाला का?

आईनं मथुराला पुढे केलं.

"हिला," आई म्हणाली. "हिलाच घेऊन आलेय."